नाटक, चित्रपट व दूरचित्रवाणीतील शिकागो

अमेरिकेच्या इलिनॉय राज्यात मिशिगन सरोवराच्या काठी वसलेले शिकागो हे शहर विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापासून अनेक नाटके, चित्रपट व दूरचित्रवाणी मालिकांचे कथास्थळ राहिले आहे. मद्यबंदीच्या काळातील (१९२०–१९३३) टोळीयुद्धे, वृत्तपत्रांतील चढाओढ, वर्णभेदावर आधारलेली वस्त्यांची विभागणी आणि कामगार वर्गाचे जीवन हे या कलाकृतींचे प्रमुख विषय होत. यांपैकी बऱ्याच कलाकृतींचे चित्रीकरण इतरत्र झाल्याने पडद्यावरील शिकागो आणि प्रत्यक्ष शहर यांत दीर्घकाळ अंतर राहिले.

रंगभूमी

शिकागोविषयीची सुरुवातीची दोन गाजलेली नाटके तेथे काम केलेल्या वार्ताहरांनी लिहिली. मॉरीन डॅलस वॉटकिन्स यांनी १९२४ मध्ये 'शिकागो ट्रिब्यून' या दैनिकासाठी खुनाचा आरोप असलेल्या दोन स्त्रियांच्या खटल्यांचे वार्तांकन केले. दोघीही निर्दोष सुटल्या. त्यावर आधारित 'शिकागो' हे उपहासात्मक नाटक १९२६ मध्ये ब्रॉडवेवर आले. वृत्तपत्रीय प्रसिद्धीमुळे न्यायदानाचाही तमाशा होतो, हे त्याचे सूत्र आहे. त्यावरून १९७५ मध्ये संगीतिका झाली. २००२ च्या चित्रपटाला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा ऑस्कर पुरस्कार मिळाला. मात्र त्याचे बहुतांश चित्रीकरण कॅनडातील टोरोंटो येथे झाले. बेन हेक्ट व चार्ल्स मॅकार्थर यांचे 'द फ्रंट पेज' (१९२८) हे नाटक फौजदारी न्यायालयातील पत्रकार कक्षात घडते.

लोरेन हॅन्सबेरी यांच्या 'अ रेझिन इन द सन' (१९५९) या नाटकाने शहराची वेगळी बाजू मांडली. ब्रॉडवेवर सादर झालेले हे कृष्णवर्णीय लेखिकेचे पहिले नाटक होय. दक्षिण शिकागोतील यंगर कुटुंब विम्याच्या पैशातून गोऱ्यांच्या वस्तीत घर घेऊ पाहते, तेव्हा तेथील रहिवासी त्यांनी येऊ नये म्हणून पैसे देऊ करतात. या कथानकामागे लेखिकेच्या कुटुंबाचा अनुभव होता. तिच्या वडिलांनी अशाच वस्तीत घर घेतल्यावर झालेला 'हॅन्सबेरी विरुद्ध ली' हा खटला १९४० मध्ये सर्वोच्च न्यायालयात त्यांच्या बाजूने लागला. तथापि तो निकाल प्रक्रियेच्या मुद्द्यावर होता. वर्णाच्या आधारे घरविक्रीवर निर्बंध घालणारे करार न्यायालयांमार्फत अमलात आणता येणार नाहीत, असा निर्णय १९४८ मध्ये दुसऱ्या खटल्यात झाला.

चित्रपट

अल कपोनच्या कारकिर्दीवर बेतलेल्या 'स्कारफेस' (१९३२) सारख्या चित्रपटांनी शिकागो म्हणजे गुंडांचे शहर ही प्रतिमा जगभर रूढ केली. हे चित्रपट मुख्यतः लॉस एंजेलसमध्ये तयार होत. याउलट हॅस्केल वेक्सलर यांच्या 'मीडियम कूल' (१९६९) मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाच्या १९६८ च्या अधिवेशनावेळी शिकागोच्या रस्त्यांवर झालेल्या संघर्षाची प्रत्यक्ष दृश्ये आहेत.

महापौर रिचर्ड जे. डेली यांच्या काळात (१९५५–१९७६) शहरात चित्रीकरणाला फारसे प्रोत्साहन नव्हते. पुढे महापौर जेन बर्न यांच्या परवानगीने 'द ब्लूज ब्रदर्स' (१९८०) मधील मोटारींच्या पाठलागाची दृश्ये शहरातच चित्रित झाली. त्यानंतर 'फेरिस ब्युलर्स डे ऑफ' (१९८६), 'द अनटचेबल्स' (१९८७) व 'द फ्यूजिटिव्ह' (१९९३) यांत शहरातील वास्तू, स्थानके व रस्ते दिसू लागले. 'द डार्क नाइट' (२००८) मध्ये शिकागोचे रस्ते गॉथम या काल्पनिक शहराचे म्हणून वापरले गेले. 'धूम ३' (२०१३) या हिंदी चित्रपटाचे कथानकही शिकागोत घडते.

दूरचित्रवाणी

'द अनटचेबल्स' (१९५९–१९६३) या मालिकेने टोळीयुद्धांचीच परंपरा पुढे चालवली. गुन्हेगारांच्या चित्रणामुळे इटालियन-अमेरिकन संघटनांनी तिचा निषेध केला. 'गुड टाइम्स' (१९७४–१९७९) मध्ये सार्वजनिक गृहप्रकल्पात राहणारे कृष्णवर्णीय कुटुंब मध्यवर्ती होते. 'ईआर' (१९९४–२००९) ही रुग्णालयावरील मालिका शिकागोत घडत असली, तरी तिचे बरेचसे चित्रीकरण कॅलिफोर्नियातील स्टुडिओत झाले. 'शिकागो फायर' (२०१२ पासून) मात्र शहरातच चित्रित होते. 'द बेअर' (२०२२ पासून) या मालिकेत एका छोट्या उपाहारगृहातील कामगारांचे जीवन येते.