अनुभवी परिचारिकेचे पुढील शिक्षण

परिचारिकेने पुढे काय शिकावे, हा विषय व्याख्यानमालेत घेण्याजोगा आहे काय, अशी शंका पुष्कळांना येईल. इतिहास, साहित्य, शेती हे सर्वांचे विषय; परिचारिकेचे शिक्षण हा तिचा आणि तिच्या खात्याचा प्रश्न, असे आपण सहज धरून चालतो. परंतु खर्ड्यासारख्या गावी राहणाऱ्या माणसाने थोडा विचार केला तर त्याला असे दिसेल की, आजारपणात त्याची पहिली गाठ बहुधा परिचारिकेशी पडते. मुलाला लस टोचणारी ती, बाळंतिणीच्या उशाशी बसणारी ती, आणि मोठ्या इस्पितळात रात्री दोन वाजता रोग्याचा श्वास बदलला आहे हे प्रथम जिच्या ध्यानात येते तीही तीच. तिला काय ठाऊक आहे आणि जे ठाऊक आहे ते करण्याचा अधिकार तिला किती आहे, या दोन गोष्टींवर आपल्या घरच्या माणसाचे बरेवाईट पुष्कळदा अवलंबून असते. तेव्हा हा प्रश्न आपलाही आहे.

व्याख्यानमालेचा आणि परिचर्येचा एक जुना संबंधही आहे. पुण्यात १८७५ साली वसंत व्याख्यानमाला सुरू झाली ती न्यायमूर्ती रानड्यांच्या पुढाकाराने. पुढे १९०९ साली रमाबाई रानड्यांच्या नेतृत्वाखाली पुणे सेवासदन निघाले आणि त्या संस्थेने ससून रुग्णालयात परिचर्येच्या शिक्षणासाठी स्त्रिया पाठविल्या. परक्या माणसाचे अंग पुसणे, त्याची घाण काढणे हे कुलीन स्त्रीचे काम नव्हे, असे मानणारा तो काळ. त्या काळी प्रश्न एवढाच होता की, बायकांनी हा व्यवसाय करावा की नाही. तो प्रश्न सुटला. आजचा प्रश्न निराळा आहे. दहा-पंधरा वर्षे हा व्यवसाय चोख केलेल्या बाईने पुढे कोठे जावे?

याचे उत्तर शोधण्यापूर्वी या शिक्षणाच्या पायऱ्या समजून घेतल्या पाहिजेत; कारण पांढऱ्या वेषातील प्रत्येकीला आपण ‘सिस्टर’ म्हणतो आणि तेथेच थांबतो. उपकेंद्रातील आरोग्यसेविकेचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा, तो ‘ए. एन. एम.’ या नावाने ओळखला जातो. इस्पितळातील परिचारिकेचा पदविका अभ्यासक्रम, म्हणजे ‘जी. एन. एम.’, तीन वर्षांचा. विद्यापीठाची बी. एस्सी. ही पदवी चार वर्षांची. पदविका घेतलेल्या परिचारिकेला आणखी दोन वर्षे शिकून ही पदवी मिळविता येते. त्यानंतर एम. एस्सी., तीही दोन वर्षांची; आणि तिच्यासाठी किमान एक वर्षाचा कामाचा अनुभव लागतो. तिच्या शाखा पाच आहेत : वैद्यकीय व शस्त्रक्रियाविषयक परिचर्या, प्रसूती व स्त्रीरोग परिचर्या, बालपरिचर्या, मनोरुग्ण परिचर्या आणि सामुदायिक आरोग्य परिचर्या. त्यावर पीएच. डी.

ही शिडी एका दिवसात उभी राहिलेली नाही. मुंबई इलाख्यात परिचारिकांच्या नोंदणीचा कायदा झाला १९३५ साली. पदवीचे शिक्षण आले १९४६ साली, दिल्ली आणि वेल्लोर येथे. भारतीय परिचर्या परिषदेचा कायदा १९४७ चा. पदव्युत्तर शिक्षणाचा आरंभ १९५९ साली दिल्लीच्या परिचर्या महाविद्यालयात झाला. त्या महाविद्यालयाला पुढे राजकुमारी अमृत कौर यांचे नाव मिळाले. मुंबईत श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठाचे परिचर्या महाविद्यालय १९६४ साली निघाले. आज पदव्युत्तर शिक्षणासाठी मुंबई-पुण्यालाच गेले पाहिजे असे नाही. आपल्याच जिल्ह्यात लोणी येथे प्रवरेच्या परिचर्या महाविद्यालयात एम. एस्सी.ची सोय आहे.

आता मुख्य शंका. ज्या बाईच्या हाताखालून हजारो रोगी गेले, तिला पुस्तकातून आणखी काय मिळणार? या शंकेत तथ्य आहे. अनुभवाची जागा पुस्तक घेऊ शकत नाही. पण अनुभवाचीही एक मर्यादा असते, आणि ती एका उदाहरणावरून स्पष्ट होईल.

बाळंतपणानंतरचा रक्तस्राव हे मातामृत्यूचे एक मोठे कारण. रक्त किती गेले हे पिढ्यान् पिढ्या डोळ्यांनी पाहून ठरविण्यात येई. परंतु प्रत्यक्ष मापून पाहता असे दिसून आले की, डोळ्यांचा अंदाज खऱ्यापेक्षा कमी भरतो, आणि रक्त जितके अधिक जावे तितका तो अधिक चुकतो. म्हणजे जेथे धोका सर्वांत मोठा, तेथेच अनुभवी डोळा सर्वांत कमी भरवशाचा! बेळगाव जिल्ह्यातील खेड्यांतून २००२ ते २००५ या काळात एक अभ्यास झाला. बाळंतिणीखाली मापाच्या खुणा असलेली प्लॅस्टिकची पिशवी पसरून रक्त मोजण्यात आले. १६२० स्त्रियांपैकी निम्म्यांना प्रसूतीनंतर लगेच मिसोप्रोस्टॉल या औषधाच्या गोळ्या दिल्या, निम्म्यांना तशाच दिसणाऱ्या औषधविरहित गोळ्या. औषध न मिळालेल्यांत १२ टक्के स्त्रियांना अतिरक्तस्राव झाला. औषध मिळालेल्यांत तो ६.४ टक्क्यांवर आला. हा अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. ध्यानात ठेवण्याची गोष्ट ही की, ही बाळंतपणे करणाऱ्या आणि त्या गोळ्या देणाऱ्या होत्या आरोग्यसेविका.

या उदाहरणातून दोन गोष्टी निघतात. पहिली अशी की, अनुभव पाहतो, शिक्षण मोजते. आणि मोजल्यावाचून एकीचे शहाणपण सगळ्यांच्या कामाची रीत होत नाही. बेळगावचा अभ्यास डॉक्टरांनी आखला होता. असे प्रश्न परिचारिकेने स्वतः विचारावेत, आपल्या वॉर्डातील अंथरुणव्रण किंवा टाक्यांचा संसर्ग यांची पद्धतशीर नोंद ठेवावी, कारण शोधावे, उपाय करून पाहावा आणि तो हाताखालच्या मुलींना शिकवावा, हे पदव्युत्तर शिक्षणाचे खरे मर्म आहे. दुसरी गोष्ट अशी की, ज्ञानाला अधिकाराची जोड मिळाली तेव्हाच जीव वाचले. गोळी कपाटात आणि परवानगी शहरात, अशी स्थिती असती तर ते आकडे तसे आले नसते.

हीच दुसरी गोष्ट आपल्या तालुक्याने जगाला दाखविली आहे. डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली जामखेडला ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. प्रशिक्षित परिचारिका गावोगाव नेमाव्यात असा त्यांचा आरंभीचा विचार होता. परंतु परक्या गावात एकटीने राहणे त्या मुलींना जड गेले. तेव्हा त्या त्या गावातील बायकाच निवडून त्यांना शिकविण्यात आले. त्यांपैकी अनेकींना लिहिता-वाचता येत नव्हते. या बायकांनी बाळंतपणे सांभाळली, मुलांची वजने घेतली, गावाला पाणी उकळायला शिकविले. परिचारिकेचे काम त्यामुळे कमी झाले नाही, ते वरच्या पायरीवर गेले. गावोगाव फिरणाऱ्या पथकातून ती या बायकांना शिकवू लागली, त्यांचे काम तपासू लागली, अवघड रोगी ओळखू लागली. १९७९ साली आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. नेतृत्व म्हणजे खुर्ची नव्हे, दुसऱ्याचे बळ वाढविण्याची ती विद्या आहे, हा धडा जामखेडच्या वाटेवरच आहे.

मग एम. एस्सी. झालेली परिचारिका आज जाते कोठे? तिच्यापुढे तीन वाटा आहेत. पहिली अध्यापनाची. ही रुळलेली वाट आहे आणि बहुतेक जणी तिकडेच वळतात. शिक्षिका हव्यातच, पण याचा परिणाम असा होतो की, अधिक शिकलेली बाई रोग्याच्या खाटेपासून अधिक दूर जाते. दुसरी वाट प्रशासनाची. सरकारी इस्पितळात अधिपरिचारिका, परिसेविका, साहाय्यक अधिसेविका आणि अधिसेविका, म्हणजे आपली मेट्रन, अशी चढण असते. ती चढताना सेवाज्येष्ठतेला मोठे वजन असते. माणसे, औषधसाठा आणि पाळ्या यांचे नियोजन ही शिकण्याची विद्या आहे, असे आपण अजून पुरतेपणी मानलेले नाही.

तिसरी वाट रोग्याजवळ राहूनच वर चढण्याची. अमेरिकेत कोलोरॅडो विद्यापीठात १९६५ साली लोरेटा फोर्ड ही परिचारिका आणि हेन्री सिल्व्हर हे बालरोगतज्ज्ञ यांनी असा शिक्षणक्रम प्रथम सुरू केला. तपासणे, निदानाचा अंदाज घेणे आणि ठरीव मर्यादेत उपचार करणे हे त्यात शिकविले जाई. अशा परिचारिकेला तेथे ‘नर्स प्रॅक्टिशनर’ म्हणतात. आपल्याकडे परिचर्या परिषदेने २०१७ साली अतिदक्षता विभागासाठी याच नावाचा दोन वर्षांचा पदव्युत्तर क्रम आणला. त्यातील बहुतांश वेळ वर्गात नव्हे तर रोग्याच्या खाटेपाशी जातो. २०१८ साली केंद्र सरकारने प्रसूतिसेवेसाठी अठरा महिन्यांचा असाच क्रम जाहीर केला. तो पदव्युत्तर पदवीचा नसला तरी त्याची दिशा तीच. २०२३ साली १९४७ च्या कायद्याची जागा घेण्यासाठी संसदेने राष्ट्रीय परिचर्या व प्रसविका आयोगाचा कायदा संमत केला. वाट आखली गेली आहे. पण वाटेच्या टोकाला पद, वेतन आणि लेखी अधिकार नसेल तर चालणारी बाई कशाच्या भरवशावर निघणार?

येथे कोणी म्हणेल, परिचारिकेला असे अधिकार दिले तर ती डॉक्टरच होऊन बसेल. ही भीती अस्थानी नाही. अर्धवट ज्ञानाच्या उपचाराचे दुष्परिणाम खेड्यांनी पुष्कळ भोगले आहेत. पण त्यावर उपाय अज्ञान हा नव्हे. काय करावे, काय करू नये आणि कोणत्या क्षणी रोगी वर पाठवावा, हे लिहून ठरविणे आणि त्याप्रमाणे शिकविणे, हाच उपाय आहे. शिकलेल्या माणसाला स्वतःची मर्यादा अधिक कळते.

दुसरी अडचण घरातली आहे. पस्तिशीची बाई दोन वर्षे शिकावयास निघाली की मुले, सासूसासरे, कर्जाचे हप्ते आणि रजा हे सर्व प्रश्न एकदम उभे राहतात. घरातला पुरुष पुढील शिक्षणाला गेला तर घर त्याच्या मागे उभे राहते. बाई निघाली तर ‘आता या वयात कशाला?’ असे विचारले जाते. या प्रश्नाचे उत्तर सरकारच्या हाती नाही, ते आपल्या हाती आहे.

नागरिकांनी आणखी एक गोष्ट करावी. आरोग्य केंद्रात डॉक्टरची जागा रिकामी राहिली तर आपण निवेदन देतो, मोर्चा नेतो. परिचारिकांच्या किती जागा भरल्या आहेत, शिकून आलेल्या परिचारिकेला तिच्या विषयाचे काम मिळाले की कोठेतरी नोंदवह्या भरण्यास बसविले, हे मात्र आपण विचारीत नाही. ते विचारले पाहिजे. बालपरिचर्येत पदव्युत्तर शिक्षण घेतलेली बाई तान्ह्या मुलांच्या वॉर्डात नसेल, तर तिची दोन वर्षे आणि आपली मुले, दोन्हींचे नुकसान झाले. शिक्षण तिने घ्यावयाचे, ते कामी लावण्याची मागणी आपण करावयाची. एवढी वाटणी मान्य केली, तर रात्री दोन वाजता खाटेपाशी उभ्या असलेल्या त्या बाईला नुसते पाहत राहावे लागणार नाही.