नऊशे पिक्सेलही पुरतात! रोबोच्या कॅमेऱ्याविषयी सहा गैरसमज

१९ एप्रिल २०२१ रोजी नासाच्या ‘इन्जेन्युइटी’ या चिमुकल्या हेलिकॉप्टरने मंगळावर पहिलं उड्डाण केलं. त्यावर दोन कॅमेरे होते. एक रंगीत, १३ मेगापिक्सेलचा. दुसरा कृष्णधवल, जेमतेम ६४० बाय ४८० पिक्सेलचा. जगभर गाजलेली रंगीत छायाचित्रं पहिल्याने काढली. पण हेलिकॉप्टर किती सरकलं आणि कुठे सरकलं, हे क्षणोक्षणी सांगण्याची जबाबदारी दुसऱ्यावर होती. दोन्हींचे सेन्सर खास अंतराळासाठी घडवलेले नव्हते, बाजारात सहज मिळणारे होते.

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत कॅमेरा मॉड्यूल घ्यायला गेलेला हौशी विद्यार्थी मात्र हमखास एकच प्रश्न विचारतो : किती मेगापिक्सेल? पुढे त्याचा रोबो चेंडू सोडून भिंतीकडे धावू लागला की दोष प्रोग्रामला दिला जातो. खरी गफलत बरेचदा त्याआधीच झालेली असते.

गैरसमज १ : कॅमेऱ्याच्या सेन्सरला रंग दिसतात

वस्तुस्थिती : सेन्सर फक्त उजेड मोजतो. त्यावरचा प्रत्येक पिक्सेल म्हणजे सिलिकॉनचा एक प्रकाशग्राही बिंदू. प्रकाशकण त्यावर आदळला की एक इलेक्ट्रॉन मोकळा होतो. ठरावीक वेळेत जमलेल्या इलेक्ट्रॉनांचं व्होल्टेजमध्ये रूपांतर होतं, व्होल्टेजचा आकडा बनतो. तो प्रकाशकण लाल होता की हिरवा, हे त्या आकड्यात कुठेच नसतं.

रंगांची सोय वरून केलेली असते. कोडॅक कंपनीतले ब्राइस बायर यांनी सुचवलेल्या आणि १९७६मध्ये पेटंट मिळालेल्या रचनेनुसार पिक्सेलांवर रंगीत गाळण्या बसवतात. दर चार पिक्सेलांत दोन हिरवे, एक लाल, एक निळा. माणसाचा डोळा बारकावे टिपताना हिरव्या रंगाच्या आसपास सर्वांत तीक्ष्ण असतो, म्हणून हिरवे दुप्पट. प्रत्येक पिक्सेल एकच रंग मोजतो. उरलेले दोन शेजाऱ्यांच्या आकड्यांवरून काढले जातात. म्हणजे पडद्यावर दिसणाऱ्या रंगांच्या माहितीतली दोन तृतीयांश अंदाजाची असते.

नारिंगी चेंडूचा पाठलाग करणाऱ्या रोबोची फजिती इथेच होते. चेंडू तोच असतो, पण ट्यूबलाइटखाली आणि खिडकीतल्या उन्हात त्याचे आकडे वेगळे येतात. त्यात कॅमेरा स्वतःहून रंगांचा समतोल साधत असतो. रोबो पांढऱ्या भिंतीकडून लाल पडद्याकडे वळला की सगळ्या चित्राचे रंग सरकतात आणि प्रोग्राममध्ये लिहिलेली ‘नारिंगी’ची मर्यादा निरुपयोगी ठरते. उपाय साधा आहे : कॅमेऱ्याचं स्वयंचलित एक्स्पोजर (प्रकाश जमवण्याचा वेळ) आणि व्हाइट बॅलन्स (रंगांचा समतोल) बंद करून आकडे कायम ठेवायचे. शिवाय लाल-हिरवा-निळा या मोजणीऐवजी रंगछटा आणि तेज वेगळं करणारी एचएसव्ही पद्धत वापरायची, म्हणजे सावली पडली तरी रंगछटा फारशी बदलत नाही.

गैरसमज २ : जितके मेगापिक्सेल जास्त, तितकी नजर तेज

वस्तुस्थिती : कॉम्प्युटरच्या ऑप्टिकल माउसच्या पोटातही एक कॅमेराच असतो. हौशी ड्रोन बनवणाऱ्यांनी वापरलेला एडीएनएस-३०८० हा माउसचा सेन्सर फक्त ३० बाय ३०, म्हणजे ९०० पिक्सेलांचा आहे. पण तो सेकंदाला ६,४०० चित्रं घेऊ शकतो आणि दोन चित्रांमध्ये जमीन किती सरकली हे स्वतःच मोजून देतो. लेन्स बदलून तो ड्रोनखाली बसवला की ड्रोनला आपली सरक कळते.

उलट बाजूने हिशेब करून पाहावा. ६४० बाय ४८० चित्रात ३,०७,२०० पिक्सेल असतात. प्रत्येकाला एक बाइट धरला, तर एका कृष्णधवल चित्राला तीन लाखांहून अधिक बाइट लागतात. आर्डुइनो उनो (आर३) या छोट्या कंट्रोलर बोर्डाची कार्यस्मृती आहे २ किलोबाइट! त्यात या चित्राच्या जेमतेम तीन ओळी मावतात. ईएसपी३२-कॅम या कॅमेरा बोर्डावर २ मेगापिक्सेलचा सेन्सर असतो, तरी त्यावर रोबो चालवणारे बहुतेक जण चित्र ३२० बाय २४०पर्यंत उतरवतात, ते यामुळेच.

शिवाय पिक्सेलचा आकार महत्त्वाचा. रास्पबेरी पाय या छोट्या संगणकाच्या ८ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यात एका पिक्सेलची बाजू १.१२ मायक्रॉन आहे, त्याच्याच १.६ मेगापिक्सेलच्या ग्लोबल शटर कॅमेऱ्यात ३.४५ मायक्रॉन. दुसऱ्याचं क्षेत्रफळ साडेनऊ पट होतं. तेवढा जास्त प्रकाश जमतो, आणि प्रकाशाचं गणित असं आहे की १०० कण जमले तर आकडा साधारण १०ने, म्हणजे १० टक्क्यांनी, वरखाली होतो. १०,००० जमले तर केवळ १ टक्क्याने. संध्याकाळी चित्रात दिसणाऱ्या रवाळ ठिपक्यांचं मूळ मोठ्या प्रमाणात यातच आहे.

गैरसमज ३ : चित्र एका क्षणात टिपलं जातं

वस्तुस्थिती : स्वस्त कॅमेऱ्यांत चित्र वरून खाली, ओळीओळीने टिपलं जातं. याला रोलिंग शटर म्हणतात. स्थिर वस्तूला त्याने काही बिघडत नाही. पण समजा, वरच्या ओळीपासून खालच्या ओळीपर्यंत जायला सेकंदाचा तिसावा भाग लागतो आणि रोबो सेकंदाला ९० अंशांनी वळतो आहे. तेवढ्या वेळात तो ३ अंश फिरलेला असतो. कॅमेऱ्याचं दृष्टिक्षेत्र ६० अंशांचं आणि चित्र ६४० पिक्सेल रुंद असेल, तर उभा खांब वरपासून खालपर्यंत ३२ पिक्सेल तिरका येतो. मोटारींच्या थरथरीने तर सरळ रेषा जेलीसारख्या लवलवतात.

ग्लोबल शटरमध्ये सगळे पिक्सेल एकदमच प्रकाश मोजतात. मंगळावरच्या त्या छोट्या कृष्णधवल कॅमेऱ्याला ग्लोबल शटर होतं, रंगीत कॅमेऱ्याला रोलिंग. दिशादर्शनाचं काम कोणाला द्यायचं, हे त्यावरून स्पष्ट व्हावं.

गैरसमज ४ : डोळ्याला दिसतं, तेवढंच कॅमेऱ्याला दिसतं

वस्तुस्थिती : टीव्हीचा रिमोट मोबाइलच्या पुढच्या कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबावं. अनेक फोनांच्या पडद्यावर रिमोटच्या टोकाशी जांभळट ठिणगी लुकलुकताना दिसते. नुसत्या डोळ्याला मात्र तिथे काहीच दिसत नाही. सिलिकॉनला सुमारे १,१०० नॅनोमीटरपर्यंतचा प्रकाश जाणवतो, डोळ्याची हद्द साधारण ७०० नॅनोमीटरला संपते. म्हणून बहुतेक कॅमेऱ्यांत अवरक्त किरण अडवणारी काच बसवतात. रास्पबेरी पायच्या ‘नोआयआर’ कॅमेऱ्यात ही काच नसते. अवरक्त एलईडी लावले की तो अंधारातही काम करतो, पण दिवसा रंग बिघडवतो. त्याला अंगाची उष्णता मात्र दिसत नाही. त्यासाठी वेगळा थर्मल सेन्सर लागतो.

डोळ्याला न जाणवणारी आणखी एक गोष्ट कॅमेऱ्याला दिसते. भारतातली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे अनेक दिवे सेकंदाला १०० वेळा मिणमिणतात आणि चित्रावर काळे आडवे पट्टे उमटतात. बऱ्याच वेबकॅममध्ये ५० आणि ६० हर्ट्झ असा पर्याय असतो. आपल्याकडे ५० निवडावा किंवा एक्स्पोजर १/१०० सेकंदाच्या पटीत ठेवावं.

गैरसमज ५ : कॅमेरा लावला की रोबोला अंतर कळतं

वस्तुस्थिती : एका चित्रात खोली नसते. जवळचा लहान चेंडू आणि लांबचा मोठा चेंडू सेन्सरवर सारखीच जागा व्यापू शकतात. अंतर काढायला दोन कॅमेरे हवेत, किंवा वस्तूचा खरा आकार आधीच ठाऊक हवा. काळ्या-पांढऱ्या चौकोनी ‘अरुको’ खुणा याच तत्त्वावर चालतात : खुणेची बाजू किती सेंटीमीटर हे माहीत असलं आणि कॅमेरा नीट कॅलिब्रेट केलेला असला, की अंतर आणि कोन दोन्ही हिशेबाने मिळतात. केवळ भिंतीला धडकू नये एवढीच अपेक्षा असेल, तर एचसी-एसआर०४ हा स्वस्त अल्ट्रासॉनिक सेन्सर ते काम बिनबोभाट करतो.

शिवाय चित्रात पकडण्याजोगं काहीतरी असावं लागतं. १८ जानेवारी २०२४ रोजी इन्जेन्युइटीचं ७२वं उड्डाण शेवटचं ठरलं. खाली वाळूच्या एकसारख्या लाटा होत्या. माग ठेवायला पुरेशा ठळक खुणा कॅमेऱ्याला सापडल्या नाहीत, वेगाचा अंदाज चुकला आणि उतरताना पाती मोडली, असा निष्कर्ष तपासातून निघाला. घरातल्या एकरंगी, गुळगुळीत फरशीवर हौशी ड्रोन भरकटतो, तेव्हा कारण हेच असू शकतं.

गैरसमज ६ : सीसीडी अस्सल, सीमॉस स्वस्तातली नक्कल

वस्तुस्थिती : सीसीडी आणि सीमॉस हे सेन्सर घडवण्याचे दोन प्रकार. सीसीडी सरस, हे मत एके काळी खरं होतं. सीसीडीची कल्पना १९६९मध्ये बेल लॅब्जमध्ये विलार्ड बॉइल आणि जॉर्ज स्मिथ यांनी मांडली. २००९मध्ये त्यांना भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. सुरुवातीचे सीमॉस सेन्सर त्यापुढे खरोखरच फिके होते. पण १९९०च्या दशकात नासाच्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीत एरिक फॉसम यांच्या चमूने प्रत्येक पिक्सेलमध्येच प्रवर्धक (अॅम्प्लिफायर) बसवण्याचं तंत्र पुढे नेलं. सेन्सर लहान झाला, वीज कमी खाऊ लागला, आणि मापन व प्रक्रिया एकाच चिपवर आली. बॅटरीवर चालणाऱ्या रोबोला नेमकं हेच हवं असतं. हौशी रोबोंसाठी आज मिळणारी कॅमेरा मॉड्यूलं जवळपास सगळीच सीमॉसची आहेत.

तेव्हा पुढचं मॉड्यूल घेताना दुकानदाराला मेगापिक्सेलबरोबर आणखी तीन गोष्टी विचारा : शटर रोलिंग की ग्लोबल, पिक्सेलचा आकार किती, आणि एक्स्पोजर हाताने ठरवता येतं का. काळ्या पट्टीवरून धावणाराच रोबो करायचा असेल, तर अवरक्त सेन्सरांच्या दोन-तीन जोड्या घ्या. कॅमेऱ्याची गरजच नाही. आणि कॅमेरा घेतलाच, तर उरलेल्या पैशांत एक चांगला, स्थिर उजेड देणारा दिवा घ्या.