खाजकुइलीच्या बियांतली गंमत

रानात गुरं राखणारा माणूस साप दिसला तर फक्त वाट बदलतो, पण मार्गशीर्ष-पौषात कुंपणावर खाजकुइलीच्या शेंगा वाळलेल्या दिसल्या, की आधी वारा कुठून येतोय ते बघतो. बोटभर लांबीची, दोन्ही टोकांना उलटसुलट वाकलेली ती शेंग, आणि तिच्या अंगावर तांबूस-सोनेरी लव इतकी दाट, की हात फिरवावासा वाटतो. अन् एकदा फिरवला, की मग दिवसभर दुसरं काही सुचत नाही. लवेचं टोक कातडीत शिरतं, त्यासोबत मुकुनेन नावाचं प्रथिन आत जातं आणि खाज नेणाऱ्या नसांनाच थेट डिवचतं. अंगावर गांधी उठल्या की आपण जी गोळी घेतो ती हिस्टामिनला अडवते, इथं हिस्टामिनचा फारसा हातच नाही, मग ती बिचारी काय करणार? गुराखी आपले शेण चोळतात, म्हणजे ते खरडताना बरीचशी लव निघून येते. आणि माणसाचं धाडस बघा, तिकडं वेस्ट इंडीजमध्ये हीच लव काकवीत कालवून जंतांवर पोटात घेत असत!

पण खरा ऐवज शेंगेच्या आत आहे. आपले वैद्य खाजकुइलीच्या, त्यांच्या भाषेत कपिकच्छूच्या, बिया दुधात शिजवून, वरची साल काढून, वाळवून चूर्ण करतात, अशक्तपणावर देतात, वातावर देतात. १९३७ साली मद्रासच्या प्रयोगशाळेत दामोदरन आणि रामस्वामी यांनी या बियांतून एल-डोपा नावाचं द्रव्य वेगळं काढलं, शंभर ग्रॅम बियांत साधारण ४ ते ६ ग्रॅम, म्हणजे चांगलंच भरपूर. त्याचा उपयोग काय, ते कळायला मात्र वीस वर्षं जावी लागली, आणि ते कळलं तेही आपल्याच रानातल्या दुसऱ्या एका झाडामुळं.

सर्पगंधेच्या मुळीतून निघणारं रेसर्पिन स्वीडनच्या आर्विड कार्लसन यांनी सशांना टोचलं, तेव्हा ससे जागचे हलेनात, कान पाडून नुसते बसून राहिले. मग १९५७ मध्ये त्यांनी तशाच सशांना डोपा दिला, आणि थोड्याच वेळात ससे उठून हिंडू लागले. मेंदूतलं डोपामिन संपलं की हालचाल थिजते, हे त्यातून उमगलं, आणि कंपवाताच्या औषधाची वाट सापडली; कार्लसन यांना २००० साली नोबेल मिळालं. आता कुणी म्हणेल, मग डोपामिनच का देत नाहीत? तर मेंदूची राखण गावाच्या वेशीसारखी कडक असते, डोपामिनला तिथून आत घेत नाहीत, एल-डोपाला घेतात, आणि आत गेल्यावर त्याचंच डोपामिन होतं. २००४ मध्ये लंडनच्या डॉक्टरांनी कंपवाताच्या आठ रुग्णांना ३० ग्रॅम बियांची पूड देऊन पाहिली, तर नेहमीच्या गोळीला गुण यायला तासाहून अधिक वेळ लागे, तो पुडीनं साधारण ३५ मिनिटांत आला. आठच माणसं होती, हे ध्यानात ठेवा, आणि मनानं पूड फाकायला जाऊ नका, कारण मात्रा चुकली तर उलट्या होतात, भास होतात.

वेलीला हा सगळा खटाटोप किड्यांसाठी करावा लागतो, डोपाभरली बी त्यांना सोसत नाही. दक्षिणेतले काही आदिवासी मात्र ती पुन्हा पुन्हा उकळून, दरवेळी पाणी ओतून देऊन, डाळीसारखी शिजवून खातात.