रस्टिकेट म्हणजे खेड्याला धाडणे

परीक्षेचा हंगाम आला की कानडी-तेलुगू वर्तमानपत्रांत ‘डिबार’ हा शब्द दिसू लागतो. आपल्या मराठी घरांत मात्र ‘रस्टिकेट’च चालतो. गेल्या वर्षी तो आमच्याच घरात शिरला.

माझी धाकटी बहीण कलबुर्गीला दिलेली. तिचा मुलगा परीक्षेत चिठ्ठीसकट सापडला. पुढच्या दोन परीक्षांना बसायचे नाही, असे ठरले. बहीण फोनवर रडत होती, “अक्का, पोरगा रस्टिकेट झाला. संपलं सगळं!”

“त्याला इकडे पाठव,” मी म्हटले.

आमचे गाव आदिलाबाद जिल्ह्यात, पैनगंगेच्या काठी. पोरगा आला तो मान खाली घालूनच. धड जेवेना, बोलेना. एका रात्री मी शब्दकोश काढून त्याच्यापुढे ठेवला. लॅटिनमध्ये ‘रुस’ म्हणजे खेडे. त्यावरून आलेल्या या जुन्या इंग्रजी क्रियापदाचा मूळ अर्थ खेड्यात जाऊन राहणे. पुढे ऑक्सफर्ड-केंब्रिजमध्ये चुकार विद्यार्थ्याला काही काळ विद्यापीठाबाहेर धाडण्यासाठी तो वापरला जाऊ लागला. काही काळ, कायमचे नव्हे! मुदत संपली की परत यायचे, हे त्यात धरलेलेच होते. आपण मात्र त्याचा अर्थ ‘कायमचा हाकलला’ असा करून बसलो.

त्याला दुसरीही गोष्ट सांगितली. १९३८ साली निजामाच्या हैदराबाद संस्थानात ‘वंदे मातरम्’ म्हटल्याबद्दल मराठी, कानडी, तेलुगू विद्यार्थ्यांना कॉलेजांतून काढून टाकले होते. नागपूर विद्यापीठाने त्यांना जागा दिली. त्यांतलेच एक पी. व्ही. नरसिंह राव. पुढे त्यांनी ह. ना. आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो’ ही कादंबरी तेलुगूत नेली आणि १९९१ साली ते पंतप्रधान झाले.

“पण दोड्डम्मा, ते गाण्यासाठी गेले. मी चिठ्ठीसाठी,” तो हळूच म्हणाला.

मला बरे वाटले. चूक त्याची त्यालाच कळली होती. म्हटले, “म्हणून तर तुला इथे कापूस वेचायचाय!”

त्याने हंगामभर कापूस वेचला, रात्री अभ्यास केला. मुदत संपताच परत जाऊन परीक्षेला बसला. निकाल अजून यायचा आहे. पण जाताना तो आईला फोनवर म्हणाला, “अम्मा, रस्टिकेट म्हणजे हळ्ळीला धाडणं. धाडलेला माणूस परत येतो.”