निरोप राखणारे यंत्र

पूर्वी गावात निरोप कसा जाई? कोणी बाजाराला निघाले की त्याला सांगायचे, "जाता जाता अमक्याच्या घरी एवढं सांगा हो." तो माणूस विसरला नाही, तर निरोप पोचे. विसरला, तर राहून जाई. पुढे टेलिफोन आला. पण टेलिफोनचीही एक अडचण आहे. ज्याच्याशी बोलायचे, तो घरात हवा. घरात कोणी नसले, म्हणजे घंटा वाजते, वाजते आणि थांबते. निरोप राहून जातो तो जातोच.

या अडचणीवर एक यंत्र निघाले आहे. त्याला आन्सरिंग मशीन म्हणतात. आपण त्याला निरोपाचे यंत्र म्हणू. घरात कोणी नसले की हे यंत्र फोन घेते. आपण आधी बोलून ठेवलेले चार शब्द ते समोरच्याला ऐकवते. मग समोरचा माणूस बोलतो, ते साठवून ठेवते. आपण घरी आलो की बटण दाबायचे आणि ऐकायचे.

आम्ही मिरा-भाईंदरला राहतो. २००२ साली इथे महानगरपालिका झाली. उंच उंच इमारती झाल्या. तरी उत्तन, पाली, चौक, डोंगरी, राई ही गावे अजून आहेत. उत्तनचे कोळी बांधव होड्या घेऊन समुद्रात जातात. किनारा फार मागे पडला की मोबाइलची रेंज जाते. भाईंदरचे चाकरमाने पहाटेची लोकल धरतात, ते रात्री परततात. घरात फोन आहे, पण घ्यायला माणूस नाही, असे इथे नेहमी होते. आता मोबाइल घरोघर झाला, हे खरे. तरी दुकानात, दवाखान्यात, सोसायटीच्या कचेरीत तारेचा टेलिफोन अजून दिसतो. आमच्या घरीही आहे. त्याला हे यंत्र आमच्या मुलाने जोडून दिले.

आता आमचीच एक चूक सांगतो. यंत्राच्या आत एक घड्याळ असते. निरोप कोणत्या वारी, किती वाजता आला, ते यंत्र त्यावरून सांगते. हे घड्याळ आपण लावावे लागते. मुलगा म्हणाला, "बाबा, तेवढं लावून घ्या." आम्ही म्हटलं, लावू उद्या. तो उद्या काही आला नाही.

एकदा आम्ही तीन दिवस वसईला गेलो होतो. गुरुवारी रात्री दहाला परत आलो. यंत्राचा दिवा लुकलुकत होता. बटण दाबले. यंत्राने वार सांगितला सोमवार आणि वेळ सांगितली बारा. मग एक आवाज आला, "गुरुजी, मी बोलतोय. बाबांचं काही खरं नाही. तुमचीच आठवण काढतात. आज रात्री जमलं तर या." बस्स, एवढेच.

मी म्हणजे कोण? आमच्या हाताखालून शेकड्यांनी मुले गेली. त्यांचे आवाज आता बाप्यांचे झाले. आणि 'आज रात्री' म्हणजे कोणती रात्र? सोमवारची, की बुधवारची? दोघा-तिघांना फोन करून पाहिले. त्यांच्या घरी सगळे ठीक होते. शेवटी आम्ही म्हटलं, जुना निरोप असेल, सकाळी चौकशी करू. आणि झोपलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी कळले. मिठागरावर मुकादम असलेले आमचे एक जुने स्नेही पहाटे वारले. निरोप गुरुवारी संध्याकाळीच आला होता. त्यांचे घर आमच्या घरापासून पंधरा मिनिटांच्या वाटेवर.

मुलाने नाव सांगितले नाही. पण त्याला काय बोल लावायचा? तो बिचारा घाबरून गेला होता. घड्याळ मात्र आम्ही लावले नव्हते. ते लावले असते, तर निरोप आजचाच आहे एवढे तरी कळले असते. मग आम्ही झोपलो नसतो. रात्री दहा दारे ठोठावली असती. जन्मभर मुलांना घड्याळ शिकवलं, आणि घरातलंच लावलं नाही! म्हणून हे सारे नीट लिहीत आहोत.

हे यंत्र चालते कसे? टेलिफोनचा शोध ग्रॅहॅम बेल यांनी लावला. त्यांना १८७६ साली त्याचा हक्क मिळाला. मुंबईत १८८२ साली टेलिफोन एक्स्चेंज सुरू झाले. निरोप साठवण्याची युक्ती पुढे १८९८ साली डेन्मार्क देशातल्या पोल्सेन नावाच्या माणसाने काढली. त्याने पोलादाची तार घेतली आणि लोहचुंबकाच्या जोरावर आवाज त्या तारेवर उमटवला. १९०० साली पॅरिसच्या प्रदर्शनात त्याने ऑस्ट्रियाच्या बादशहाचा आवाज असाच घेतला. तो आवाज आजही जपून ठेवला आहे. तारेनंतर फीत आली. गाण्याची कॅसेट पुष्कळांनी पाहिली असेल, तशीच.

आताच्या यंत्रात तार नाही आणि फीतही नाही. हे यंत्र डिजिटल आहे. म्हणजे काय? ते आवाजाचे आकडे करते. टेलिफोनच्या कामात एका सेकंदात ८,००० वेळा आवाजाचे माप घेतात. ती मापे नखाएवढ्या चिपमध्ये साठतात. ऐकायचे असले की यंत्र त्या आकड्यांचा पुन्हा आवाज करते. तुम्ही बोललेला शब्द अक्षरांत लिहिता आणि अक्षरे पाहून पुन्हा मोठ्याने वाचता ना? तसेच हे.

आता यंत्र लावायचे कसे, ते पाहू.

पहिले काम तारांचे. यंत्राला बहुधा दोन खोबणी असतात. एकीवर 'लाइन' असे लिहिलेले असते, दुसरीवर 'फोन'. भिंतीतून येणारी टेलिफोनची तार 'लाइन'मध्ये घालावी. 'फोन'मधून निघालेली तार आपल्या टेलिफोनला जोडावी. आता पुष्कळ ठिकाणी काचेच्या तंतूची लाइन येते. तिथे भिंतीवर एक पेटी असते. त्या पेटीत फोनची खोबण असते, तार तिथून घ्यावी. मग यंत्राला वीज द्यावी.

दुसरे काम घड्याळाचे. वार आणि वेळ लावावी. वीज गेली की पुष्कळ यंत्रांचे घड्याळ पुन्हा चुकते. काही यंत्रांत त्यासाठी सेल बसवतात. तो वेळेवर बदलावा. वीज येऊन गेली की घड्याळ एकदा तपासावे.

तिसरे काम आपल्या आवाजाचे. यंत्राने लोकांना काय ऐकवावे, ते आपण बोलून ठेवायचे. पंखा बंद करावा. यंत्रापासून वीतभर अंतरावर सावकाश बोलावे. असे म्हणावे, "नमस्कार. आम्हाला आत्ता फोन घेता येत नाही. आवाज झाला की तुमचं नाव, वेळ, निरोप आणि नंबर सांगा." 'आम्ही गावाला गेलो आहोत' असे मात्र कधीही म्हणू नये. तो फोन चोराचाही असू शकतो!

चौथे काम गुप्त आकड्याचे. पुष्कळ यंत्रांचे निरोप बाहेरगावाहूनही ऐकता येतात. आपल्याच घरी फोन लावायचा आणि गुप्त आकडा दाबायचा. नव्या यंत्रात हा आकडा कारखान्यातूनच घातलेला असतो. तो दुसऱ्यालाही ठाऊक असू शकतो. म्हणून तो बदलावा. यंत्रावर तो लिहून ठेवू नये.

बटणांवरची अक्षरे इंग्रजी असतात. त्याला घाबरू नका. कागदाच्या लहान चिठ्ठ्या करा. त्यांवर 'ऐका', 'पुसा', 'थांबा' असे लिहा आणि बटणांशेजारी चिकटवा. आमच्या घरी असेच केले आहे.

दिवा लुकलुकला म्हणजे नवा निरोप आहे. निरोप ऐकताना वही-पेन्सिल जवळ ठेवा. आधी लिहा, मगच पुसा. पण पुसायला विसरू नका. चिप भरली म्हणजे यंत्र नवा निरोप घेत नाही.

दुसऱ्याच्या यंत्रावर आपण निरोप ठेवतो, तेव्हा काय करावे? यंत्राचे बोलणे पुरे होऊ द्यावे. आवाज झाला की बोलावे. चार गोष्टी सांगाव्या.

एक, आपले पूर्ण नाव आणि गाव. 'मी बोलतोय' याने काही कळत नाही.

दोन, वार आणि वेळ. 'आज', 'उद्या' न म्हणता 'गुरुवारी रात्री' असे म्हणावे.

तीन, निरोप. थोडक्यात, पण पुरा.

चार, आपला नंबर. एकेक आकडा सावकाश, दोनदा सांगावा.

बँकेचा गुप्त आकडा किंवा मोबाइलवर आलेला ओटीपी निरोपात कधीही सांगू नये. 'तुमचे खाते बंद होईल, या नंबरला फोन करा' असा निरोप आला, तर त्या नंबरला फोन करू नये. आपल्या बँकेत जाऊन विचारावे.

तुमच्या घरी असे यंत्र नसेलही. पण मोबाइलवर बोलून निरोप पाठवणारे आता गावोगाव आहेत. त्यांनाही हाच नियम लागू. यंत्र आपण बोलू तेवढेच राखते. आपण सांगितले नाही, ते त्याला कुठून कळणार?

आमचे घड्याळ आता लावलेले आहे. वीज आली की आम्ही आधी ते पाहतो. तुम्ही आज एवढे करा. वहीत चार शब्द लिहा : नाव, वेळ, निरोप, नंबर. तो कागद फोनजवळ लावा. घाईच्या वेळी, घाबरलेल्या वेळी माणसाला काही सुचत नाही. तेव्हा तो कागद वाचावा आणि बोलावे.