अभियांत्रिकी शिक्षणाच्या इतिहासातील उपेक्षित स्त्रिया : गिंडी व शिबपूर

भारतातील अभियांत्रिकी शिक्षणाचा इतिहास मुख्यत्वे संस्थांच्या स्थापनेचा, इमारतींचा आणि प्राचार्यांच्या कारकिर्दींचा इतिहास म्हणून लिहिला गेला आहे. त्यात स्त्रियांचा उल्लेख आलाच, तर ‘पहिली महिला अभियंता’ एवढ्या एका ओळीत तो आटोपतो. ही ओळ काय झाकून ठेवते, याचा विचार प्रस्तुत लेखात चेन्नईतील गिंडी आणि हावड्यातील शिबपूर येथील महाविद्यालयांच्या आधारे केला आहे.

गिंडीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचे मूळ १७९४ मध्ये सुरू झालेल्या भूमापन शाळेत आहे. त्याच शहरातील वैद्यकीय महाविद्यालयाने १८७५ मध्ये स्त्रियांना प्रवेश दिला. गिंडीत मात्र त्यासाठी १९४० साल उजाडावे लागले. अय्यलसोमयाजुला ललिता यांचा विवाह पंधराव्या वर्षी झाला होता आणि मुलगी अवघी चार महिन्यांची असताना त्यांना वैधव्य आले. वैद्यकीय व्यवसायात वेळी-अवेळी रुग्णांकडे धावावे लागेल, मग मुलीकडे कोण पाहणार, या विचाराने त्यांनी विद्युत अभियांत्रिकीची निवड केली. वडील पप्पू सुब्बाराव त्याच महाविद्यालयात या विषयाचे प्राध्यापक होते. त्यांनी प्राचार्य के. सी. चाको यांच्याकडे शब्द टाकला; शिक्षण संचालक आर. एम. स्टॅथम यांचीही अनुमती मिळाली. म्हणजे दार उघडले ते नियमाने नव्हे, तर ओळखीने. प्राध्यापकाची कन्या नसलेल्या किती जणी या दारापर्यंत पोहोचूच शकल्या नसतील, याची नोंद कोणत्याही दप्तरात असणे शक्य नाही.

मुलीला सोबत मिळावी म्हणून सुब्बाराव यांनी स्त्रियांना प्रवेश खुला असल्याचे जाहीर करण्याचा आग्रह धरला. त्यातून लीलम्मा जॉर्ज व पी. के. थ्रेसिया स्थापत्य शाखेत दाखल झाल्या. महायुद्धामुळे अभ्यासक्रमाचा कालावधी कमी केला गेल्याने तिघी बरोबरच उत्तीर्ण झाल्या. पदवीपत्रांवर पुरुषवाचक सर्वनाम आधीच छापलेले होते. ते खोडून तेथे स्त्रीवाचक सर्वनाम लिहावे लागले. संस्थेच्या कोणत्याही गौरवग्रंथापेक्षा ही खाडाखोड अधिक बोलकी आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते. ललिता यांनी पुढे कोलकात्यात पारेषण वाहिन्या व उपकेंद्रांच्या आराखड्यांचे काम केले. भाक्रा-नांगल प्रकल्पाशीही त्यांचा संबंध आला. थ्रेसिया १९७१ मध्ये केरळच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात मुख्य अभियंता झाल्या.

शिबपूरच्या बंगाल अभियांत्रिकी महाविद्यालयाने १९४७ मध्ये स्त्रियांना प्रवेश दिला. दोघी आल्या, एकीने शिक्षण अर्धवट सोडले. दुसऱ्या इला मजुमदार. स्थापत्य शाखेतील क्षेत्रकार्य मुलीला झेपणार नाही, असा सल्ला त्यांना मिळाल्याचे सांगितले जाते. तेच शिक्षण गिंडीच्या दोघींनी काही वर्षांपूर्वी पूर्ण केले होते. पण एका महाविद्यालयाचा अनुभव दुसऱ्याच्या उपयोगी पडला नाही. इला १९५१ मध्ये यंत्र अभियांत्रिकीच्या पदवीधर झाल्या. ग्लासगो येथे प्रशिक्षण घेऊन त्यांनी देहरादूनच्या आयुध निर्माणीत नोकरी केली. नंतर मात्र त्या अध्यापनाकडे वळल्या आणि १९६३ मध्ये कोलकात्यात सुरू झालेल्या महिला तंत्रनिकेतनाची उभारणी त्यांनी केली.

पदवी मिळाली तरी कारखान्याचे दार वेगळेच होते. थ्रेसिया मुख्य अभियंता झाल्यानंतर तीन वर्षांनी, १९७४ मध्ये, टेल्कोच्या अभियंता भरतीच्या जाहिरातीत स्त्रियांनी अर्ज करू नयेत, असे स्पष्ट नमूद होते. सुधा कुलकर्णी, म्हणजे आजच्या सुधा मूर्ती, यांनी त्याविरुद्ध जे. आर. डी. टाटा यांना पोस्टकार्ड लिहिले. मुलाखतीसाठी त्यांना पुण्यास बोलावण्यात आले आणि त्यांची निवड झाली.