नडगीची कळ

अंजनगाव म्हटले की बाहेरच्या माणसाला १८०३ चा शिंद्यांचा इंग्रजांशी झालेला तह आठवतो, फार तर पानमळे आणि पानपिंपरी. मला हल्ली आठवतात ती पहाटेच्या अंधारात परतवाडा रस्त्याने धावणारी पोरे. पोलीस भरतीत मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर धावायचे असते. पहाटे धावायचे, दिवसा मळ्यात राबायचे किंवा अभ्यासिकेत बसायचे, संध्याकाळी पुन्हा धावायचे. आणि खायचे काय? सकाळी चहा-टोस्ट, रात्री एक भाकर आणि पातळ वरण. घरचे दूध डेअरीत जाते. त्यात एक समज पक्का. ‘‘वजन कमी रायलं का टायमिंग येते, काकाजी.’’

मग केव्हातरी नडगी दुखू लागते. बाम चोळतात, पट्टी बांधतात, धावतच राहतात. पुष्कळदा ते स्नायूंचेच दुखणे असते. पण बोटाने दाबल्यावर एकाच जागी कळ येत असेल, तर हाडाला केसाएवढी चीर पडलेली असू शकते. पहिल्या काही आठवड्यांत ती एक्स-रेतही बहुधा दिसत नाही, म्हणून ‘काही नाही’ म्हणून परत धावपट्टीवर!

बँकेत उमेद घालवलेल्या माझ्यासारख्याला हा हिशेब चटकन कळतो. व्यायामाचा खर्च वजा जाता उरलेल्या उष्मांकांत शरीराला घर चालवायचे असते. ते पुरत नाहीत तेव्हा शरीर काटकसर करते. मेंदूकडून संप्रेरकांना आखडता हात मिळतो; मुलींचे इस्ट्रोजेन घटते, पाळी लांबते किंवा थांबते; मुलांचे टेस्टोस्टेरॉन उतरते. हाड हे रोज थोडे मोडते, रोज थोडे बांधले जाते. त्यातले बांधकाम मंदावते, मोडणे मात्र चालूच राहते. शरीरातले ९९ टक्के कॅल्शियम हाडांत असते हे खरे, पण नुसत्या कॅल्शियमच्या गोळ्यांनी ही तूट भरत नाही. आधी पोटभर जेवण लागते.

अमेरिकेतील क्रीडावैद्यकांनी १९९२ साली खेळाडू मुलींच्या या त्रासाला नाव दिले. पुरुषही त्यात सापडतात, हे आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ मध्ये मान्य केले. आमच्याकडे कपाशी वेचणाऱ्या बायका पिढ्यान्‌पिढ्या अर्धपोटी राबत आल्या, त्यांच्या वाकलेल्या पाठींना कुणी नाव दिले नाही, ते असो.

पाळी तीन महिने आली नाही तर डॉक्टरांना दाखवावे, हे मुलींना मैदानावर सांगणार कोण? बहुतेक शिकवणारे पुरुष. मुलीही ‘कटकट गेली’ म्हणून खूष. खरे तर धावल्यावर तासाभरात मूठभर फुटाणे-शेंगदाणे, गूळ, दोन केळी (ती तर इथलीच), आणि दोन्ही वेळा भाकर-वरण पोटभर, एवढ्यानेही पुष्कळ फरक पडेल. चीर पडलीच तर मात्र सहा-आठ आठवडे धावणे बंद.

पण सहा आठवडे थांबणे परवडते कुणाला? खुल्या गटात वयाची मर्यादा २८. सत्तावीस वर्षांची, लंगडत चालणारी एक मुलगी मला म्हणाली, ‘‘एवढी भरती होऊ द्या काकाजी, मंग खाईन ना पोटभर.’’